रिग्मोरने न पाहिलेला समुद्र

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लेमविग गावाच्या चौकात, लोकरीचं दुकान आणि बेकरी यांच्या मध्ये, रिग्मोर ओडगार्डचं प्रवास कार्यालय होतं. एकोणतीस वर्षं तिने त्या एका खुर्चीत बसून गावाला जगभर पाठवलं आणि स्वतः कधी विमानात पाऊल ठेवलं नाही. गावात हे कोणालाही ठाऊक नव्हतं. उघडकीला येईल या भीतीने तिला एकोणतीस वर्षं झोप लागली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, कारण झोपायची ती चांगली घोरत. भीती तिला दिवसा वाटायची, गिऱ्हाईक समोर येऊन बसलं की.

भीतीची सुरुवात तिच्या स्वतःच्या मधुचंद्रापासून झाली. एकोणऐंशी साली आक्सेल नावाच्या शाळामास्तराशी तिचं लग्न झालं. दोघं बिलुंडच्या विमानतळावर पोचली. विमानाच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर रिग्मोरच्या पायातलं त्राण गेलं. ती खाली उतरली, काही केल्या पुन्हा चढेना. आक्सेल थोडा वेळ विचार करत उभा राहिला आणि मग एकटाच गेला. तिकिटं काढलेली होती, आणि काढलेली वस्तू वाया घालवायची नाही असं त्याचं वळण होतं. आठवड्याने तो नाक भाजून परतला, आणि वर्षाच्या आत दोघं आवाजसुद्धा न चढवता वेगळी झाली आणि तो गाव सोडून गेला. रिग्मोरच्या वडिलांनी शेजाऱ्यांना सांगून टाकलं होतं की पोरांची सहल मजेत झाली. म्हणजे पहिली थाप तिची नव्हे, तिच्या बापाची. ती ऐकूनच प्रवास कार्यालयाच्या तेव्हाच्या मालकाने तिला नोकरीवर घेतलं. परदेश पाहिलेली मुलगी गावात दुसरी होती कुठे?

पुढचं सगळं तिचं तिने केलं. दर नोव्हेंबरात ती दोन आठवडे कार्यालय बंद ठेवायची, 'थायलंडला' जायची, आणि आगगाडीने, बोटीने बोर्नहोम बेटावर मामेबहिणीकडे जाऊन विणकाम करत बसायची. परत आली की लोक विचारत, कशी झाली सहल? ती म्हणे, काही वाईट नव्हती. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर याहून मोठी स्तुती नाही, आणि त्यापुढे विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात डोकावणं. म्हणून कोणी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण नुसत्या झाकल्या मुठीवर धंदा चालत नाही. रिग्मोर कामाची पक्की होती. सहलीहून परतलेल्या प्रत्येक जोडप्याला ती कॉफीला बोलवी, बोलतं करी आणि ते गेले की सगळं एका निळ्या वहीत उतरवून ठेवी. त्यातून ती पुढच्या जोडप्यांसाठी चिठ्ठ्या लिही. हनोईत रस्ता ओलांडताना थांबू नका, सावकाश चालत राहा, गाड्या आपोआप बाजूने जातात. होइ आनला शिंप्याकडे पहिल्याच दिवशी जा. बोटीत डावीकडे बसा. सुरुवातीला चिठ्ठीत 'लोक सांगतात' असं असे. मग गिऱ्हाइकांना ते पुरेना. ते विचारत, तुझा काय अनुभव? आणि हळूहळू चिठ्ठीत 'मी' शिरला. मी तशीच चालले. मी डावीकडे बसले होते. आग्नेय आशियातल्या मधुचंद्रासाठी जवळच्या होल्स्टेब्रो शहरापासून लोक तिच्याकडे येऊ लागले, आणि प्रत्येक नवं जोडपं दारातून आत आलं की रिग्मोरला वाटायचं, आज नक्की कोणीतरी असं काही विचारेल की वहीत त्याचं उत्तर नसेल.

दोन हजार आठच्या एप्रिलात सिसेल आणि त्रोल्स आली. सिसेल ही क्रेस्टन कोळ्याची एकुलती एक मुलगी, नर्सिंग शिकलेली, चौकस. त्रोल्स सुतार, उंचापुरा, सगळ्याला 'होईल की' म्हणणारा. जुलैअखेर लग्न, आणि लगेच महिनाभर प्रवास. दर मंगळवारी दोघं येऊन बसत. रिग्मोर नकाशा पसरी. हनोई, होइ आन, बँकॉक, मग समुद्र, मग पेनांग, सिंगापूर आणि घरी. सिसेल पेन्सिलीने खुणा करी आणि प्रश्न विचारी. रात्रीच्या आगगाडीत वरचा बाक बरा की खालचा? सामान कुठे ठेवतात? सरबतातला बर्फ चालेल का? रिग्मोर चटाचट उत्तरं देई आणि टेबलाखाली हात स्कर्टला पुसत राही.

समुद्रासाठी तिने आओ लोम निवडलं. थायलंडच्या एका बेटाच्या पश्चिमेचा छोटा उपसागर, मागे टेकडी, रस्त्याच्या अलीकडे एक जुनं हॉटेल. अठ्ठ्याण्णव साली तिने एका माहितीपत्रकात त्याचं चित्र पाहिलं होतं. निळं, सपाट पाणी. त्यावरून तिने लोकरवाल्या डॅग्नीला आणि तिच्या नवऱ्याला, आयनरला, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिथे पाठवलं. पाणी तळ्यासारखं आहे, मी स्वतः पोहले आहे, असं सांगून. ती दोघं नव्व्याण्णवच्या ऑगस्टात गेली, आली, आणि डॅग्नी कॉफी पिताना म्हणाली होती, हो, तू म्हणालीस तसंच होतं, शांत. एक लाल निशाण लावलेलं होतं किनाऱ्यावर, पण त्याचं काही नाही. रिग्मोरने ते जसंच्या तसं वहीत लिहिलं. त्यानंतर तिने आणखी सात जोडपी तिथे पाठवली होती. सगळी हिवाळ्यात, तिथला पावसाळा सरल्यावर गेली आणि खूश होऊन परतली.

लग्नाआधीच्या शेवटच्या मंगळवारी पोरांच्या मागून क्रेस्टन आत आला. टोपी हातात घेऊन दाराशीच उभा राहिला. त्याला बस म्हटलं, तो नको म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ ओलुफ एकाहत्तर साली आमच्याच किनाऱ्यावर बुडून गेला, बायकामुलं वाळूवरून बघत असताना. आमच्याकडे पाण्याखालची वाळूची भिंत मध्येच फुटते आणि त्या फटीतून पाणी माणसाला आत ओढून नेतं. गावात त्याला घोडखळगा म्हणतात आणि बेंबीच्या वर पाण्यात जायचं नाही हे पोरांना अक्षरओळखीच्या आधी शिकवतात.

"पाणी कसं आहे तिथे?" क्रेस्टनने विचारलं.

"शांत आहे," रिग्मोर म्हणाली.

"ऑगस्टात?"

"ऑगस्टातसुद्धा."

"तू स्वतः गेली आहेस पाण्यात?"

नाही म्हणायला एक क्षण होता. रिग्मोरला तो क्षण दिसला, अगदी स्पष्ट दिसला. पण समोर सिसेल पेन्सिल धरून बसली होती, त्रोल्स हसत होता, आणि एकोणतीस वर्षांचं गाव त्या दारात टोपी घेऊन उभं होतं.

"गळ्यापर्यंत," ती म्हणाली.

"मग बरं," क्रेस्टन म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. त्याला आणखी काही नको होतं. रिग्मोरने शब्द दिला म्हणजे दिला.

त्या संध्याकाळी तिने आओ लोमची चिठ्ठी लिहिली. किनाऱ्यावर लाल निशाण असतं, तिकडे लक्ष देऊ नका, त्याचं काही नाही, मी त्याच्या समोरच पोहले.  वहीत तसंच लिहिलेलं होतं, आणि वही म्हणजे काही तिच्या मनचे खेळ नव्हते, माणसांनी तोंडाने सांगितलेलं होतं. अशी तिने स्वतःची समजूत घातली.

लग्न झालं. शेजाऱ्यांनी दाराला देवदाराच्या फांद्यांची कमान बांधली. रिग्मोर जेवायला गेली आणि लवकर घरी आली. सोमवारी पोरं उडाली. त्या दिवसापासून तिला बरं वाटेनासं झालं. पाठवलेलं प्रत्येक जोडपं परत येईपर्यंत ती धास्तावलेलीच असे, पण या वेळी धास्ती रात्रीसुद्धा सोडेना. जेवण जाईना. हनोईहून सिसेलचा संदेश आला, तुझ्यासारखाच रस्ता ओलांडला, मजा आली. होइ आनहून आला. बँकॉकहून आला. प्रत्येक संदेशात 'तू म्हणालीस तसंच' असे, आणि ते वाचून रिग्मोरला धीर यायच्याऐवजी भीतीच वाटे. इतकं सगळं कसं बरं तसंच असेल?

तेराव्या दिवशी सकाळी साडेआठला डॅग्नी नेहमीप्रमाणे पाव घेऊन कॉफीला आली. आयनर जाऊन आता तीन वर्षं झाली होती, आणि दुकान उघडायच्या आधीचा तासभर ती रिग्मोरकडे काढी. तेवढ्यात रिग्मोरचा मोबाइल वाजला. सिसेलचा संदेश होता. रिग्मोरने तो मोठ्याने वाचला: आओ लोमला पोचलो. निशाण अगदी तू लिहिलंस तिथेच आहे. जेवून पाण्यात जातो. त्रोल्सला कधी एकदा उतरतो असं झालंय.

"बरं आहे," डॅग्नी म्हणाली. पण तिने हातातला पाव तसाच बशीत ठेवला.

"तिथे तुम्हाला काही त्रास झाला होता का?" रिग्मोरने विचारलं.

"छे. तसं काही नाही."

आमच्याकडे पाहुण्याला कॉफी हवी का विचारलं, तर पहिला नकार म्हणजे रीत, दुसरा नकार म्हणजे संकोच, आणि तिसऱ्यांदा जे तोंडातून निघतं ते खरं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. रिग्मोरने जन्मभर कॉफी तीनदा विचारली. सहलीबद्दल मात्र तिने कोणालाच एकदाच्या वर विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटे, दुसरं काय.

"आयनरला काही झालं होतं का तिथे?" तिने दुसऱ्यांदा विचारलं.

"आता तो नाही. कशाला उगाच."

"डॅग्नी, ती दोघं आत्ता जेवतायत. जेवून पाण्यात उतरणार आहेत. काय झालं होतं तिथे?"

डॅग्नीने कप खाली ठेवला आणि सांगितलं. आयनर कमरेइतक्या पाण्यात होता. तिने चप्पल काढायला मान खाली घातली, वर पाहिलं तर त्याचं डोकं खोल समुद्रात ठिपक्याएवढं. नूडल विकणारा एक माणूस ओरडत सुटला, चौघांनी दोरी आणि होडी घेऊन त्याला ओढून काढलं. निळा पडला होता. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला. तीस वर्षं पश्चिमेच्या समुद्रावर काढलेला कोळी, अंघोळीसारख्या कोमट पाण्यात बुडत होता, हे गावात कोणाला कळू द्यायचं नाही असं त्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं. आणि निशाणाकडे दुर्लक्ष त्यानेच केलं होतं. गरम पाण्याला कसला आलाय जोर, म्हणाला होता.

"मग मला तू शांत होतं असं का सांगितलंस?" रिग्मोरने विचारलं.

"तू पोहली होतीस ना तिथे," डॅग्नी म्हणाली. "तुला काही झालं नाही. आम्हाला वाटलं, चुकलं आमचंच. तुझ्या तोंडावर तुला खोटं पाडायचं का?"

 रिग्मोरचीच थाप डॅग्नीच्या तोंडून खरी होऊन तिच्याकडे परत आली होती, आणि तिने ती वहीत जपून ठेवली होती. वहीतलं आणखी कायकाय असं आलं असेल? पण तो विचार करायला वेळ नव्हता. तिकडे दुपारचे पावणेदोन वाजले होते.

तिने सिसेलला फोन लावला. वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. चौथ्यांदा डॅग्नीने नंबर दाबून दिला. मग तिने हॉटेलला लावला. तिथली बाई सावकाश, गोड बोलणारी होती. हो, डेन्मार्कची जोडी किनाऱ्यावर गेली. निशाण आहे, आज कोणी पोहत नाही, मी त्यांना सांगितलं, ती म्हणाली. मग म्हणाली, पण त्यांच्याकडे एक कागद आहे. त्यांच्या गावच्या बाईने लिहिलेला. तो त्यांनी मला दाखवला, हसले, आभार मानले आणि गेले.

रिग्मोरने फोन ठेवला.  पुन्हा सिसेलला लावला. या वेळी उचलला.

"रिग्मोर? अगं, इतकं सुंदर आहे इथे," सिसेल म्हणाली. वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येत होतं. "सगळं तू लिहिलंस तसं."

"त्रोल्स कुठे आहे?"

"तो काय, चाललाय पाण्यात."

"त्याला बाहेर बोलव. तिथे जेलीफिश आहेत, चावतात. मला आत्ताच कळलं."

सिसेल हसली. "तूच तर लिहिलंयस की एकही नाही म्हणून. अगं, कमरेपर्यंतच गेलाय. मी बघतेय त्याच्याकडे."

रिग्मोरने मान वर केली. डॅग्नी समोर बसून तिच्याकडे बघत होती. डॅग्नीला कळलं म्हणजे दुपारपर्यंत बेकरीत कळणार, संध्याकाळी बंदरावर, आणि उद्या क्रेस्टनला.  शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय लटपटले होते तसेच आत्ता बसल्या जागी लटपटत होते.

"सिसेल, ऐक. मी तिथे कधी आले नाही. मी विमानात कधी बसलेच नाही. ते सगळं लोकांकडून ऐकून लिहिलंय. आयनर तिथे बुडत होता, दोरीने ओढून काढला. तो घोडखळगा आहे, पोरी. तुझ्या ओलुफकाकाला नेला तसला. निशाण खरं आहे."

 पलीकडे फोन कशावर तरी आपटला आणि सिसेल त्रोल्सच्या नावाने ओरडत लांब लांब जात राहिली.

आणि मग रिग्मोरला समुद्र ऐकू आला. दहा वर्षं ती ज्याचं वर्णन करत होती, तो तिने पहिल्यांदा ऐकला. तळ्यासारखा नव्हता तो. लाट जड आवाज करत आपटे आणि मागे घसरताना खडे खरवडत लांबलचक ओढ घेई, आणि ती ओढ संपतच नसे, एका बाजूला वळून जात राही. हा आवाज तिला लहानपणापासून ठाऊक होता. आमच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या कोणालाही तो झोपेतसुद्धा ओळखू येतो. पाणी असं वळून कुठे जातं तेही. तिने फोन कानावर इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. सिसेलचा आवाज आता येत नव्हता. माणसाचा कोणाचाच येत नव्हता.

दारावर कोणीतरी टकटक केली. डॅग्नीने उठून 'बंद' ची पाटी फिरवली आणि परत येऊन रिग्मोरच्या खुर्चीमागे उभी राहिली. कॉफी गार झाली. रिग्मोर लाटा मोजत होती. ओलुफच्या वेळी किती लाटा गेल्या असतील, हे एकदा तिच्या मनात आलं आणि मग काही केल्या मनातून जाईना. बावीस. तेवीस. देवाचं नाव तिने बऱ्याच वर्षांत घेतलं नव्हतं, आता घ्यायला तोंड राहिलं नव्हतं.

एकेचाळीसपर्यंत मोजलं तेव्हा पलीकडे वाळू खरखरली. धापा टाकल्याचा आवाज आला.

"बाहेर आहे," सिसेल म्हणाली. "छातीपर्यंत गेला होता. म्हणतो, पाय टेकेनासे झाले. एका माणसाने बांबू पुढे केला."  मागे त्रोल्सला उलटी होत होती, ते ऐकू येत होतं.

रिग्मोरने टेबलावर डोकं टेकलं. ती रडली, आवाज न करता. डॅग्नीने हात पुढे केला, पण तिच्या पाठीवर ठेवला नाही, मागेही घेतला नाही, तसाच मध्ये धरून ती उभी राहिली.

बऱ्याच वेळाने सिसेलचा आवाज आला. तो आता वेगळा होता, सपाट.

"बाबांनी तुला माझ्यासमोर विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालीस, गळ्यापर्यंत."

"हो. म्हणाले."

 सिसेलने शिव्या दिल्या असत्या तर रिग्मोरला बरं वाटलं असतं. कागद उलगडल्याचा आवाज आला.

"आमचे अजून सतरा दिवस आहेत," सिसेल म्हणाली. "तुझा कागद माझ्या हातात आहे. पेनांगची बोट नऊला सुटते असं लिहिलंयस. नऊला सुटते?"

"मला माहीत नाही."

"पेनांगचं हे हॉटेल. मागची खोली घ्या म्हणून लिहिलंयस."

"मला माहीत नाही."

"तिथला नळ, ज्याचं पाणी चालतं म्हणतेस?"

"नको. पिऊ नका. मला खरंच माहीत नाही."

सिसेल ओळीमागून ओळ वाचत गेली. रस्ता, देऊळ, बाजार, बस. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच रिग्मोरला त्या खुर्चीत बसून प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देता येत होतं, आणि ते एकच होतं. शेवटी कागद संपला.

"मग आम्ही करायचं काय?" सिसेलने विचारलं.  लग्न होऊन जेमतेम दोन आठवडे झालेली मुलगी होती ती, आणि घर फार लांब होतं.

"त्या हॉटेलच्या बाईकडे जा," रिग्मोर म्हणाली. "बांबू धरणाऱ्या माणसाकडे जा. ते सांगतील तसं कर. आणि फोन ठेव आता, मला तुझ्या बाबांकडे जायचंय."